हत्यार धरणारा हात

आज खंडेनवमी. आमच्या कार्यालयामागच्या गल्लीत सुतारकामाचं एक जुनं दुकान आहे. एरवी सकाळी तिथून जाताना रंध्याचा आवाज आधी येतो, मग ताज्या भुशाचा वास. आज आवाज नव्हता. दुकान झाडून, दारात पाणी शिंपडून, भिंतीलगत एक लांब फळी मांडली होती आणि तिच्यावर सगळी हत्यारं ओळीनं ठेवली होती: करवती, रंधे, लहानमोठ्या पटाश्या, गुण्या, खतकस, गिरमिट, वाकस. त्यांच्याच पंगतीला विजेवर चालणारं ड्रिल आणि राउटर. वायरींची नीट गुंडाळी केलेली, त्यांनाही झेंडूची फुलं, त्यांनाही हळदकुंकू. मिस्त्रींनी प्रसादाचं खोबरं हातावर ठेवलं आणि म्हणाले, "आज यांना सुट्टी."

फळीच्या टोकाला लाकडी अंगाचा एक जुना रंधा होता, मिस्त्रींच्या वडिलांचा. डाव्या बाजूला जिथे अंगठा टेकतो तिथे लाकूड झिजून बोटभर खळगा पडला आहे. मी हात फिरवून पाहिला. मिस्त्रींनी स्वतःचा अंगठा त्यात ठेवून दाखवला. तो नीट बसत नाही. "बाबांचा हात माझ्यापेक्षा मोठा होता," ते म्हणाले. तरीही दारं-खिडक्यांच्या कडा साफ करायला ते हाच रंधा घेतात.

हत्याराची पूजा करणारा समाज आहोत आपण. आजच्या दिवशी गिरणीतल्या यंत्रापासून शेतातल्या विळ्यापर्यंत आणि रिक्षेपासून कार्यालयातल्या संगणकापर्यंत सगळ्यांना फूल वाहिलं जातं. ही प्रथा मला मनापासून आवडते. पण दरवर्षी या फुलांकडे पाहताना एक गोष्ट सलते: हत्याराला आपण कुंकू लावतो, ते धरणाऱ्या हाताची विचारपूस मात्र करत नाही. आज डिझाइन या शब्दाला मोठा मान आहे. घरं, खुर्च्या, दिवे, दारांच्या मुठी यांची प्रदर्शनं भरतात, गुळगुळीत कागदावर त्यांचे फोटो छापून येतात. फोटोखाली आराखडा काढणाऱ्याचं नाव असतं. वस्तू ज्यानं घडवली तो त्या ओळीत नसतो. सौजन्यापोटी त्याचं नाव घालावं, एवढंच मला म्हणायचं नाही. ज्या कामात तो आराखड्यापासून तोडला जातो ते काम कच्चं राहतं, असं माझं मत आहे, आणि त्याचे पुरावे आपल्या घराघरांत आहेत.

ज्या खुर्चीवर बसून हे लिहितो आहे तिच्यापासूनच सुरुवात करतो. सागवानी खुर्ची, बैठक वेताची. बारा वर्षांपूर्वी बैठकीचा वेत फाटला, तेव्हा ती विणायला एक दृष्टिहीन कारागीर आले होते. अंधशाळांमधून खुर्च्या विणायचं शिक्षण पूर्वीपासून दिलं जात आलं आहे, त्याच वाटेनं तेही या कामात आलेले. त्यांनी वेताची भेंडोळी बादलीत भिजत टाकली आणि विणायला बसण्याआधी खुर्चीच्या अंगाखांद्यावर सावकाश हात फिरवला. पाठीमागच्या उजव्या पायापाशी बोटं थांबली. "हा सांधा ढिला आहे. आधी सुताराकडून करून घ्या, मग विणतो. नाहीतर माझी वीण ओढ खाईल." आम्ही सगळे डोळस त्या खुर्चीवर वर्षानुवर्षं बसत होतो, कुणाला ते कळलं नव्हतं.

खुर्ची मागच्या गल्लीत गेली. मिस्त्रींनी पाय ठोकून मोकळा केला. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेच्या मापाची जीभ, आत एकही खिळा नाही. त्यांनी बारीकशी पाचर घालून सांधा पुन्हा बसवला. दोन दिवसांनी विणकर परत आले. चौकटीच्या भोकांतून आधी उभे पदर, मग आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे, शेवटी दोन्ही बाजूंनी तिरके. सहा फेऱ्या झाल्या की मधे अष्टकोनी जाळी उमटते. सुकताना वेत आखडतो आणि जाळी ढोलकीच्या पुडीसारखी ताणून बसते. एकाचं काम दुसऱ्याच्या कामावर उभं होतं आणि हे दोघांनाही न सांगता ठाऊक होतं. बारा वर्षं झाली, ना सांधा हलला, ना जाळी सैलावली.

सागवान आणि वेत म्हटलं की चंडीगढच्या खुर्च्या आठवतातच. फाळणीत लाहोर गेलं आणि पंजाबला नवी राजधानी हवी झाली. ल कॉर्बुझिए यांच्याकडे शहराचं काम आलं. त्यांचे चुलतभाऊ पिअर जान्नरे १९५१ मध्ये चंडीगढला आले आणि १९६५ पर्यंत तिथेच राहिले. सचिवालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ, वसतिगृहं, कर्मचाऱ्यांची घरं असं शहर एकदम उभं राहत होतं आणि त्याला हजारोंच्या संख्येनं टेबलं-खुर्च्या लागणार होत्या. जान्नरे आणि युली चौधरींसारखे त्यांचे भारतीय सहकारी यांनी त्यासाठी जे हाती होतं ते घेतलं: वाळवीला दाद न देणारा साग, उन्हाळ्यात पाठीला वारा लागू देणारा वेत, आणि आसपासचे सुतार. खुर्चीचे पाय कंपास उघडून उभा ठेवावा तसे. दिसायला साधे, बनवायला सोपे, आणि वजन पेलायला भक्कम.

आराखडे वेगवेगळ्या कारखान्यांत गेले आणि प्रत्येक ठिकाणच्या सुतारानं ते आपल्या हातानं वाचले. म्हणून एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या तर पायाच्या जाडीत, हाताच्या उतारात फरक सापडतो. माझ्या दृष्टीनं या फर्निचरचं मोठेपण इथे आहे. जान्नरेंनी असा आराखडा काढला ज्यात सुताराच्या हाताला जागा होती. अर्ध्या सुताचा फरक पडला तरी खुर्ची खुर्चीच राहिली, बिघडली नाही. परक्या देशातून आलेल्या माणसानं इथल्या हातावर टाकलेला हा विश्वास होता. त्यांची अखेर १९६७ मध्ये जिनिव्हात झाली, पण इच्छेप्रमाणे अस्थी चंडीगढच्या सुखना तलावात विसर्जित केल्या गेल्या.

पुढची कथा आपल्याला ओळखीची वाटावी अशी आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत किंवा सरकारी कचेरीत जडवस्तू संग्रह नोंदवही असते. टेबल-खुर्चीवर रंगानं क्रमांक घातलेला असतो आणि वस्तू मोडली की निर्लेखनाचा प्रस्ताव जातो. चंडीगढमध्येही खात्याच्या नावाची अक्षरं आणि आकडे त्या खुर्च्यांवर रंगवलेले होते. वेत फाटले, सांधे ढिले झाले, विणणारा आणि ठोकणारा बोलावण्याऐवजी खुर्च्या गच्चीवर, जिन्याखाली, व्हरांड्यात रचल्या गेल्या आणि पुढे भंगाराच्या भावानं लिलावात निघाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या, पॉलिश केलं. पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावांत त्याच खुर्च्यांना लाखो रुपये मोजले जाऊ लागले. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयानं या वारशाची विक्री आणि निर्यात रोखण्यासाठी आदेश काढले, तोवर बरंच काही समुद्रापार गेलं होतं. एमी सीगल या अमेरिकी कलावतीच्या 'प्रॉव्हनन्स' या २०१३ च्या चित्रपटात हा प्रवास उलटा दाखवला आहे. आधी श्रीमंतांच्या दिवाणखान्यात दिमाखात मांडलेल्या खुर्च्या, मग लिलावघर, मग जहाज, आणि शेवटी चंडीगढच्या कचेऱ्या.

लिलावाच्या माहितीपत्रकांत खुर्चीचं साल, लाकूड, माप आणि कचेरीचा क्रमांकही दिलेला असतो. जान्नरेंचं नाव ठळक असतंच. खुर्ची घडवणाऱ्या सुताराचं नाव मला त्यांत कुठेही दिसलेलं नाही. खुर्चीच्या अस्सलपणाची खूण म्हणून तज्ज्ञ ज्या बारीक फरकांकडे बोट दाखवतात, ते फरक त्याच सुतारांच्या हातचे आहेत.

डिझाइनचा विचार आपल्याकडे आला तो असा तुटक यायला नको होता. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्यानं भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर फिरून एक अहवाल दिला. गीतेतल्या कर्मविचारानं त्याची सुरुवात होते, आणि भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत त्यांना सगळ्यात मोठी वाटली ती आपला लोटा. किती पाणी मावावं, कमरेवर किंवा डोक्यावर घेताना तोल कसा राहावा, धार कशी पडावी, घासताना हात आत कसा जावा, धातूचा आवाज कसा यावा, मोडीत काय भाव यावा, इथपर्यंतचा विचार त्या एका भांड्यात पिढ्यांनी मिळून मुरवला आहे, असं त्यांनी मांडलं. त्या अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, आणि १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन केंद्र. पवईचं केंद्र घडवणारे सुधाकर नाडकर्णी जर्मनीत उल्मला शिकत असताना मुंबईतल्या आरे दुधाच्या केंद्राचं डिझाइन करत होते. पहाटेची ती रांग, काचेच्या बाटल्या, चंदेरी झाकणं ज्यांना आठवतात, त्यांना त्या छोट्या टपरीमागे केवढा विचार होता हे कळलं तर आनंदच होईल.

या संस्थांनी देशाला खूप दिलं. पण लोट्यातून त्या निघाल्या, आणि लोटा घडवणाऱ्या तांबटाचं पोर त्यांच्या वर्गात किती पोचलं, हा प्रश्न विचारावाच लागतो. याचं मूळ परदेशी शिक्षणात शोधून उपयोग नाही, ते आपल्या गावगाड्यात आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार हे बलुतेदार. त्यांचं काम गावाला हवं होतं, त्यांना बलुतं मिळत होतं, पण त्यांचं ज्ञान हे ज्ञान मानलं गेलं नाही. ज्यानं हातानं काम करायचं त्यानं लिहायचं नाही, आणि जो लिहितो त्यानं हात मळवायचे नाहीत. ही वाटणी जातीनं केली. आज ड्रॉइंगचं टेबल आणि सुताराचं बाकडं यांच्यात जी भिंत दिसते तिच्या विटा जुन्या आहेत.

भिंत पाडून काम केलं तर काय होतं, ते अलिबागजवळच्या नांदगावात दिसतं. नारळाच्या बागेत २००७ मध्ये बांधून झालेलं पामायरा हाउस हे तिथलं घर बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईचं. दोन लांबट लाकडी इमारती, आणि त्यांच्या भिंतींच्या जागी ताडाच्या लाकडाच्या आडव्या पट्ट्या. वारा आत येतो, ऊन गाळून येतं, दुपारी जमिनीवर सावलीच्या रेघा पडतात. या स्टुडिओत राजस्थानातून आलेले सुतार आणि वास्तुविशारद एकाच छपराखाली काम करत. सुतार स्वतःच्या वह्यांत सांधे काढत, खऱ्या मापाचे नमुने करून पाहत, आणि मग आराखडा बदले. २०१० च्या व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनात या स्टुडिओनं आपली कार्यशाळाच नेऊन मांडली आणि परीक्षकांनी तिची खास दखल घेतली. अशी घरं थोड्यांनाच परवडतात, हे खरं आहे. पण सुताराला आधी विचारायला जास्तीचे पैसे लागत नाहीत. माझ्या आजोळी कोकणात जांभ्याचं घर बांधताना गवंड्यानं चिरा वाजवून पाहिला, बद्द आवाज आला तो बाजूला ठेवला, आणि त्याच्या सांगण्यावरून एका खिडकीची जागा हलली. त्या घरात वास्तुविशारद नव्हता. पण असता, तरी त्यानं त्या गवंड्याचं ऐकलं असतं तर घर असंच झालं असतं.

जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडानं दाखवलेल्या चपला पाहून कोल्हापूर खवळलं, ते अजून ताजं आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून ८ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि तरी सुरुवातीला तिचं नावही घेतलं गेलं नव्हतं. ओरड झाल्यावर कंपनीनं मूळ मान्य केलं, माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. हे चांगलंच झालं. मला मात्र त्या दिवसांत आपल्याच लोकांना विचारावंसं वाटत होतं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, खिळा न मारता चामड्याच्याच वादीनं घातलेली शिवण, चालताना होणारा करकर आवाज, हे सगळं आपण अभिमानानं सांगतो. ते कातडं कमावताना ज्यांच्या हातांची सालं निघाली त्या ढोर समाजाला आणि चप्पल शिवणाऱ्या चर्मकार समाजाला आपण काय दिलं? दुकानात त्या चपलेचा भाव पाडताना आपली जीभ कधी अडखळली का? मिलाननं नाव घेतलं नाही याचा राग रास्त होता. गल्लीत आपणही ते घेत नाही.

घराघरांतले पुरावे, असं वर म्हटलं, त्यातला एक माझ्याच घरचा. गेल्या पावसाळ्यात तयार घेतलेल्या कपाटाचं दार फुगलं. घेऊन चारच वर्षं झाली होती. रंग सुंदर, मूठ देखणी, बाहेरून पाहावं तर नजर ठरावी असं. बिजागरीपाशी स्क्रू ढिला झाला, एका रात्री दार हातात आलं. मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी भोकात बोट घातलं, बाहेर काढलं, बोटाला ओला भुसा. "साहेब, यात स्क्रू धरायला लाकूडच नाही. मी कशात ठोकू?" लाकडाचा चुरा दाबून केलेली ती फळी, वरून चिकटवलेला पापुद्रा. ते कपाट ज्यानं आखलं त्यानं कोकणपट्टीचा पाऊस पाहिला नव्हता, आणि ज्यानं पाहिला होता त्याला कुणी विचारलं नव्हतं.

जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाही. सागवान आज कुणाच्या आवाक्यात नाही आणि जंगल तोडून प्रत्येकाला सागवानी कपाट द्यावं असंही कुणी म्हणू नये. चांगलं प्लायवूड ही उत्तम वस्तू आहे. पूर्वी सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस उकळून लावत, त्याचा वास घरभर दिवसभर राही. १९५९ मध्ये फेविकॉल आलं आणि त्यांची त्यातून सुटका झाली. नव्या साहित्यावर सुताराचा रोष नसतोच. त्याची तक्रार एवढीच की जे उघडता येत नाही ते दुरुस्त कसं करायचं. आमच्या खुर्चीचा पाय ठोकून मोकळा झाला म्हणून ती वाचली.

सरकार काही करत नाही असं नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांतल्या कारागिरांना प्रशिक्षण, कमी व्याजाचं कर्ज आणि हत्यारांच्या संचासाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. हत्यार हाती आलं, हे मोलाचं आहे. आता त्या हत्याराला काम द्यायचं ते आपण. जिल्हा परिषदेच्या शाळांना बाकं लागतात, ग्रंथालयांना मांडण्या लागतात, तहसील कचेऱ्यांना टेबलं लागतात. त्यांच्या निविदांत सगळ्यात कमी दर पाहिला जातो. ही वस्तू पाच वर्षांनी याच तालुक्यातल्या सुताराला दुरुस्त करता येईल का, हा एक प्रश्न त्यात घातला तर निम्म्या वस्तू वेगळ्या येतील. वास्तुविशारदांनी कामाच्या करारात नमुना करून पाहण्याचे पैसे सुताराच्या नावानं वेगळे धरावेत. आणि इमारतीच्या कोनशिलेवर उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे अशी दहा नावं मावतात, तिथे सुतार-गवंड्यांची चार नावं सहज मावतील. आमच्या मासिकाचंही तेच. यापुढे आम्ही घराचा किंवा वस्तूचा फोटो छापू तेव्हा घडवणाऱ्याचं नाव विचारून छापू. ते मिळालं नाही तर फोटो थांबवू.

हे लिहून झाल्यावर, दसऱ्याची सफाई चालूच होती म्हणून, मी जुन्या व्हाउचरांचा गठ्ठा काढायला सांगितला. त्या विणकरांचं नाव मला आठवत नव्हतं आणि मिस्त्रींनाही नाही. तासाभरानं पावती सापडली. खुर्ची विणकाम, एक नग. रक्कम अक्षरी, रक्कम अंकी, आमच्या लेखापालाची सही, माझी सही. घेणाऱ्याच्या नावापुढे कुणीतरी 'वेतवाले' एवढंच लिहिलं आहे. आणि त्याच्या शेजारी जांभळ्या शाईत, जरा पुसट झालेला, त्यांच्या अंगठ्याचा ठसा.